कडू पाणी



एका उत्तरपत्रिकेपासून सुरुवात करतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना ही गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली. ते मला रागावले नसते. नुसते गप्प बसून माझ्याकडे बघत राहिले असते, आणि तेच मला जास्त लागलं असतं.

सातवीची चाचणी होती. प्रश्न नेहमीचाच: समुद्राच्या पाण्यापासून मीठ कसे मिळवतात? अपेक्षित उत्तर तीन ओळींचं. पाणी उथळ वाफ्यांत घेतात, उन्हाने त्याची वाफ होते, मीठ मागे राहते. खाडीकाठच्या एका मुलाने या तीन ओळी लिहिल्या आणि खाली आणखी दोन वाक्यं लिहिली. ‘शेवटचे पाणी कडू असते. ते सोडून द्यावे लागते, नाहीतर मिठाला पाणी सुटते.’ मी त्या दोन वाक्यांवर लाल शाईची रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘अवांतर’. गुण पूर्ण दिले होते, त्यामुळे आपलं काही चुकलं असं मला वाटलंही नाही.

त्या मुलाच्या आजोबांचा जन्म मिठागरात गेला होता. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. पण कितीतरी वर्षांनी, एका पावसाळ्यात घरच्या बरणीतलं खडेमीठ पाझरलेलं दिसलं, तेव्हा कुठे ती दोन वाक्यं मला आठवली आणि अंगावर काटा आला. मुलाने लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. त्या पानावरचं खरं विज्ञान त्याच दोन वाक्यांत होतं, आणि मी नेमकी तीच खोडली होती.

ते विज्ञान थोडं उलगडून सांगतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं सुमारे २७ ग्रॅम म्हणजे आपलं नेहमीचं मीठ. पाणी आटत जातं तसे हे क्षार सगळे एकदम खाली बसत नाहीत, एकामागून एक बसतात. आधी थोडी चुनखडी. पाणी मूळच्या पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम. दहाव्या हिश्शाच्या आसपास आलं की मिठाचे खडे धरू लागतात. म्हणून तर मिठागरात एकच मोठा हौद नसतो. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत नेतात. नको ते आधीच्या वाफ्यांत राहतं आणि शेवटच्या वाफ्यात पांढरं मीठ येतं. त्यानंतरही तिथे थोडं पाणी उरतंच. त्यात मॅग्नेशियमचे क्षार साठलेले असतात, आणि ते जिभेला कडू लागतात. तेही आटू दिलं तर ते मिठात मिसळतात, आणि असं मीठ आषाढात बरणीत गळायला लागतं. ते पाणी कधी सोडायचं हे कळणं हाच आगरात राबणाऱ्या माणसाचा कस. माझ्या विद्यार्थ्याने ते घरी ओसरीवर बसून ऐकलं होतं.

आगर म्हणजे मिठागर. या पट्ट्यातल्या एका मोठ्या समाजाचं नावच त्या शब्दावरून पडलं असं मानतात. ज्यांच्या नावात मीठ आहे, त्यांच्या मुलांना आम्ही मीठ तीन ओळींत शिकवलं. हे मला सलतं, आणि आज इथे बोलायला उभा राहिलो तो त्यामुळेच.

माझं म्हणणं एवढंच आहे: गावातलं ज्ञान शाळेत आणायचं ते मोजायला आणायचं. स्नेहसंमेलनात टोपली, जाळं, नांगर मांडून त्यांना हार घालण्याने गावाचा मान राहत नाही. आजोबा म्हणतात ते खरं की खोटं, खरं असेल तर का, आणि किती, हे मुलाने काटा-तराजू घेऊन बघायचं. आजोबांचा मान त्यातच राहतो, कारण आपलं बोलणं कुणीतरी तपासण्याइतकं मोलाचं मानलं, हे त्यांना दिसतं.

ही कल्पना माझी नाही. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच ती फार आधी रुजली. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या. मादाम माँटेसोरींची पद्धत त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर राबवली होती. पण त्या पद्धतीची परदेशी साधनं महाग, आणि आदिवासी पाड्यांतल्या मुलांना अनोळखी. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात. मग शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणतात. गुरं चरताहेत आणि झाडाखाली मुलं मोजायला, वर्गवारी करायला शिकताहेत, असं चित्र आज पालघर जिल्ह्यात गेलेल्या त्या भागात तेव्हा दिसत होतं. परिसर अभ्यास हा शब्द पाठ्यपुस्तकावर छापला जाण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

१९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी प्रयोग स्वतः करायचे, निष्कर्ष स्वतः वहीत लिहायचे, आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवून बसायचं. खेड्यातल्या शाळेत महागडी उपकरणं कुठून येणार, म्हणून काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हाल्वनळी, रिकाम्या बाटल्या यांतून साधनं झाली. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेतून खेळण्यांमधून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता याच कार्यक्रमातून घडले. तीस वर्षांनी, २००२ साली, सरकारने तो बंद केला. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या कार्यक्रमाने परीक्षेलाच हात घातला होता, आणि आपल्याकडे सगळं अडतं ते तिथेच.

आणि पाबळ. शिरूर तालुक्यातलं हे गाव पावसाला तरसणारं. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतली मुलं आठवड्यातून एक दिवस हाताने काम करणार: लोखंड जोडणं, माती तपासणं, रक्ताचा गट आणि हिमोग्लोबिन तपासणं, वायरिंग, रोपवाटिका. कामं खरी, गावाच्या उपयोगाची. वेल्डिंगचा जोड नीट बसला नाही तर फाटक पडतं, त्याला गुण द्यायला मास्तर लागत नाहीत. आश्रमाच्या कामाची कीर्ती पुढे अमेरिकेत एमआयटीपर्यंत गेली, आणि त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली पाबळला उभी राहिली.

आता वळ गावाकडे येतो. तुमच्या गावाचं रूप माझ्या डोळ्यांदेखत पालटलं. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, जिथे भाताची खाचरं होती तिथे गोदामांच्या रांगा आल्या. पोटापाण्याचा प्रश्न आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ज्या मुलाने खाचर पाहिलं नाही, त्याला त्याच्या आजोबांचं ज्ञान आता फार तर एक पिढी मिळेल. म्हणून घाई करायला हवी.

एक काम पुढच्या जूनलाच करता येईल, आणि त्यात मीठ आणि भात दोन्ही आहेत. कृषी खातं भाताच्या बियाण्याला ३ टक्के मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करायला सांगतं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, बियाणं ओतायचं, ढवळायचं, पाणी स्थिर होऊ द्यायचं. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. तळाचं बी काढून दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. लोणच्यासाठी मिठाचं पाणी करणाऱ्या बाईला घनता म्हणजे काय ते ठाऊक असतं, फक्त ती त्याला घनता म्हणत नाही. सहावीच्या मुलांनी तरंगलेले १०० आणि बुडालेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर शेजारी शेजारी ठेवावेत. पाचव्या दिवशी मोजावेत, दहाव्या दिवशी मोजावेत, रोपांची उंची लिहावी. मग मीठ दुप्पट करून बघावं: आता चांगले दाणेही तरंगू लागले का? ३ टक्केच का, हे मुलांनी विचारलं की शिक्षकाने उत्तर सांगू नये. पुन्हा तराजू हातात द्यावा.

राबाचंही तसंच. पाऊस लागण्याआधी शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून वाफा भाजायचा आणि त्यात भाताचं बी पेरायचं, ही आपल्या ठाणे-कोकणातली जुनी रीत. राखेचं खत मिळतं म्हणून भाजतात, एवढं सांगून लोक मोकळे होतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबावर प्रयोग केले आणि १९१२ साली त्यावर मोठा निबंध छापला. माती तापल्याने तिच्यात काय बदलतं, हा त्यांचा प्रश्न होता. शंभरावर वर्षांपूर्वी कुणालातरी तुमच्या खापरपणजोबांची रीत प्रयोगशाळेत नेण्याजोगी वाटली होती. आज राब भाजायला फांद्या तोडाव्या लागतात, धूर होतो, हेही खरं. त्याचाही हिशेब मुलांनीच करावा.

सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र खाडीचं आहे, आणि ते सांगताना मला राहवत नाही. कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बारा. दिवसातून दोनदा, एकदा दुपारच्या बाजूला, एकदा रात्रीच्या. घड्याळ नाही, कोष्टक नाही, फक्त चंद्र आणि तीन चतुर्थांश.

आता मुलांनी गणित करावं. तिथीमागे पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं. १५ तिथींचे झाले सव्वाअकरा तास. पण एका पक्षात भरती पुरे बारा तास सरकायला हवी, कारण अमावास्येलाही बारा आणि पौर्णिमेलाही बारा. पाऊण तास कमी पडला! मग बरोबर हिशेब कोणता? १२ तासांना १५ने भागा: तिथीमागे ४८ मिनिटं. आणि ४८ मिनिटं म्हणजे किती? एक घटका २४ मिनिटांची. म्हणजे बरोबर दोन घटका. ३० तिथी, ६० घटका, एक पूर्ण दिवस. जुनी कालगणना आणि चंद्राची चाल अशी एकमेकांत बसलेली पाहून मी पहिल्यांदा फळ्यापुढे थबकलो होतो. पाऊणपट हा तोंडी हिशेबाला सोपा पडणारा नियम आहे, पक्षाच्या शेवटी तो थोडा मागे पडतो, आणि अमावास्या-पौर्णिमेला माणसं तो नव्याने लावतात. न्यूटनने १६८७ साली चंद्र-सूर्याच्या ओढीने भरती-ओहोटी समजावली. का होतं ते त्याने सांगितलं. कधी होतं ते नाखव्याला पोट भरण्यासाठी आधीच ठाऊक होतं.

पण इथेही मोजल्याशिवाय मानायचं नाही. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत वेळ पुढेमागे होते. शिवाय उघड्या समुद्रावरची भरती आत खाडीत चढायला वेळ लागतो. काल्हेरच्या काठी ती मुंबईपेक्षा किती उशिरा येते? हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते तुम्हालाच शोधून काढावं लागेल.

परंपरेतलं सगळंच खरं निघत नाही, आणि ते लपवणारा शिक्षक मुलांचा घात करतो. साप चावल्यावर भगताकडे नेलेली माणसं मी पाहिली आहेत. सगळीच परत आली नाहीत. मंत्राने विष उतरत नाही, ते प्रतिविषाने उतरतं, आणि त्यात प्रत्येक तास मोलाचा असतो. आपल्या कोकणातलंच एक उदाहरण मुलांना जरूर सांगा. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर तरुण डॉक्टर म्हणून गेले, तेव्हा लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती. शहरातली पुस्तकं त्यांना फारसं काही सांगत नव्हती. ते रोग्याच्या खाटेशी रात्र रात्र बसले, नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवत गेले. हृदयावर येणारा ताण त्यांनी ओळखला, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. त्यांचंही विज्ञान स्थानिकच होतं. पण दंशावरचे घरगुती उपाय त्यांनी मान्य केले नाहीत. त्यांनी मोजलं.

आणखी एक प्रश्न मला इथे मोकळेपणाने विचारायचा आहे. स्थानिक म्हणजे कोण? आज वळच्या शाळेत बसणाऱ्या मुलांत कितीतरी जणांची मुळं उत्तर प्रदेशात, बिहारात, मराठवाड्यात आहेत. आगरी घरातला नातू मीठ सांगेल, मग शेजारचा मुलगा काय सांगेल? मी अशा एका गप्प मुलाच्या वडिलांना वर्गात बोलावलं होतं. ते यंत्रमागावर काम करत. त्यांनी कोनावरचा एक धागा काढला, उलटा पिरगाळला, पीळ सुटला आणि धागा हातातल्या हातात कापसासारखा वेगळा झाला. मग सुलटा पिरगाळला आणि म्हणाले, आता तोडून दाखवा. मुलांना तो लवकर तुटला नाही. घर्षण यापेक्षा चांगलं कसं शिकवायचं? सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आम्ही त्याच दिवशी अंगणात खरी करून पाहिली. राखेत वळसे स्पष्ट दिसत होते. कोनावर ४० किंवा ६० लिहिलेलं असतं ते काय, हेही त्यांनीच सांगितलं: ८४० वारांची एक लडी, अशा किती लड्या एका पौंडात बसतात तो आकडा. आकडा मोठा तितका धागा बारीक. व्यस्त प्रमाण शिकवायला मला त्यानंतर दुसरं उदाहरण लागलं नाही. तो मुलगा त्या दिवसापासून बोलायला लागला.

आयांनाही बोलवा. तांदळाच्या पिठाला आधणाचं पाणीच का लागतं, गव्हाला का नाही? गव्हातलं चिकट प्रथिन पीठ धरून ठेवतं. तांदळात ते नसतं, म्हणून पिष्टाचे कण गरम पाण्यात फुगवून चिकट करावे लागतात. तापमापी घेऊन, किती अंशांच्या पाण्यात भाकरी चिरायची थांबते ते मुलांनी लिहावं. भाकऱ्या वाया जाणार नाहीत याची मुलं स्वतःच काळजी घेतात, हा माझा अनुभव आहे.

गोदामंही सोडू नका. ५००० चौरस फुटांचं एक पत्र्याचं छप्पर घ्या, म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटर. एक मिलीमीटर पाऊस पडला की एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी येतं. आपल्या पट्ट्यात वर्षाला साधारण २५०० मिलीमीटर पाऊस धरला तर त्या एका छपरावरून साडेअकरा लाख लिटरांहून जास्त पाणी खाली येतं. पूर्वी ते खाचरात मुरायचं. आता कुठे जातं? कुणाच्या अंगणात शिरतं? मुलांनी बाटली कापून पर्जन्यमापक करावा, गावचा नकाशा काढावा, आणि हा प्रश्न ग्रामसभेत विचारावा. तेव्हा ‘अवांतर’ म्हणून त्यांना खाली बसवू नका.

शिक्षक मित्रांना काही वेगळं सांगायचं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून मुलांना आपल्या परिसरातले प्रश्न घ्यायला सांगते. सवड आहे, आधार आहे. तरी प्रकल्पाच्या दिवशी बाजारातून आणलेला ज्वालामुखी येतो, त्यात सोडा आणि व्हिनेगर घालून फेस काढतात. आणि शाळेच्या पायाला लावलेला काळा दगड, जो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या खऱ्या लाव्ह्याचा आहे, त्याला कुणी हातही लावत नाही. याच तालुक्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीला जमिनीतून गरम पाणी येतं. एक तापमापी, एक एसटीचा प्रवास. मुलाने विकत आणलेल्या प्रकल्पाला गुण देऊ नका. चुकलेल्या मोजमापाला द्या, ते कसं चुकलं हे त्याला सांगता येत असेल तर.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी अलीकडे शोधून काढलं. तो आता गोदामात सुपरवायझर आहे. मी त्याला त्या दोन वाक्यांबद्दल विचारलं. त्याला पेपर आठवत नव्हता, आजा आठवत होता. म्हणाला, सर, खाडीचं पाणी आता पहिल्यासारखं राहिलं नाही, तोंडात घेऊ नका. पांढरी थाळी दोरीला बांधून खाली सोडा, किती हातांवर दिसेनाशी होते ते बघा. मी त्याला सांगितलं की १८६५ साली सेक्की नावाच्या इटलीतल्या पाद्र्याने समुद्राचं पाणी असंच मोजलं होतं. तो हसला आणि म्हणाला, मग थाळी मी आणतो.

तर येत्या अमावास्येला आम्ही काल्हेरच्या काठावर जमणार आहोत. मुलांबरोबर मोठी माणसं असतील, पाण्यात कुणी उतरणार नाही. एक उंच बांबू हवा आहे, दर वीतभर अंतरावर खाचा पाडलेला. तो बंधाऱ्याला बांधायचा आणि सकाळी अकरापासून दर दहा मिनिटांनी पाण्याची खाच लिहायची. मुंबईची भरती बाराच्या सुमारास. आपली किती वाजता, ते त्या दिवशी कळेल. ज्यांच्याकडे बांबू असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटावं, आणि ज्यांच्या घरी तिथीवरून भरती सांगणारे आजोबा असतील त्यांनी त्यांना सोबत आणावं. त्यांच्यासाठी खुर्चीची सोय केली आहे.